नात्यांच्या गाण्यांचा अल्बम: कोण कोणाशी बोलतंय ते आधी ठरवा, माइक नंतर

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचा सहा जणांचा लोकसंगीताचा बँड आहे. एक गाणारी, एक गाणारा, ढोलकी, संबळ-दिमडी, हार्मोनियम आणि गिटार. तुणतुणं-टाळ ज्याचा हात मोकळा असेल तो वाजवतो. नात्यांवरची नऊ गाणी बसली आहेत: बहीण-भाऊ, नणंद-भावजय, बाप-लेक, नवरा-बायकोची तीन-चार, आणि द्राक्षाच्या कामाला सुरगाण्याहून दिंडोरीकडे आलेल्या जोडप्याचं एक. कार्यक्रमात गाणी रंगतात, पण मोबाइलवर टिपून ऐकली की सगळी एकाच गाण्याची कडवी वाटतात. आता अल्बम करायचाय. स्टुडिओ कसा निवडायचा, माइक कोणते, क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरलेल्या वेगाच्या टिकटिकीवर) वाजवायचं का, आणि काही गाण्यांत जुन्या ओव्या आहेत त्यांच्या हक्काचं काय?

स्टुडिओकडे नंतर येऊ. गाणी सारखी वाटतात त्याचं मूळ बहुतेक वेळा शब्दांत आणि पट्टीत (सा कुठे धरला त्यात) असतं, आणि ते घरी बसून फुकटात दुरुस्त होतं. कार्यक्रमात निवेदक आधीच सांगून टाकतो की आता भावाची वाट पाहणारी बहीण येतेय. पुढे गाणारीचा चेहरा, तिचे हात, समोरच्या बायकांचं हसणं यावर गाणं चालतं. अल्बममध्ये यातलं काही उरत नाही. ऐकणाऱ्याच्या हाती उरते ती हाक. म्हणून प्रत्येक गाण्यासाठी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आणि तिसरं कोणी ऐकतंय का. तिसरं बहुतेक जण सोडून देतात, पण आपल्याकडची नात्यांची अर्धी गाणी त्याच्यावरच उभी आहेत. नणंदेशी बोललेलं सासूच्या कानावर जावं म्हणूनच बोललेलं असतं. भावाचं कौतुक शेजारणीपुढे चाललेलं असतं, भाऊ तिथे नसतोच.

हे एकदा ठरलं की शब्दांतल्या चुका आपोआप दिसायला लागतात. समजा नणंद-भावजयीच्या गाण्यात ओळ आहे, ‘वन्सं, तुमच्या अंगणात माझी तुळस गं’. वन्सं म्हटलं की ‘तुम्ही’ आलं. मग शेवटचा ‘गं’ कोणाला? ऐकणारा तिथे क्षणभर अडखळतो आणि पुढची ओळ त्याच्या हातून निसटते. दोन उपाय आहेत. एक, ‘गं’ काढून ‘बाई’ टाकायचं, ते दोघींनाही चालतं. दुसरा जास्त चांगला: तो ‘गं’ गाणारीकडून काढून झीलकऱ्यांना, म्हणजे मागे साथीला गाणाऱ्यांना द्यायचा. मूळ ओळ भावजय म्हणते, ‘तुळस गं’ एवढाच तुकडा मागच्या बायका उचलतात. आता गाण्यात तीन माणसं झाली आणि खर्च शून्य.

गं, रं, बाई, जी ही भरतीची अक्षरं म्हणून जिथे मात्रा कमी पडेल तिथे कोंबली जातात. खरं तर गाण्यात कोण समोर उभं आहे हे तीच सांगतात. ‘जी’ आला की गाणं बैठकीकडे, श्रोत्यांकडे वळलं. नवरा-बायकोच्या खाजगी गाण्यात शाहिरी ‘जी जी’ आलं की ते भांडण चव्हाट्यावर आलंच. हवं असेल तर मुद्दाम आणा, सवयीने नको.

संबोधन बदलणं हे तुमच्या हातातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धारदार हत्यार आहे. पहिल्या कडव्यात ‘अहो’, दुसऱ्यात ‘कारभारी’, तिसऱ्यात एकदाच ‘अरे’. त्या ‘अरे’नंतर सगळी वाद्यं चार मात्रा बंद ठेवा. केरवा ताल मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत असेल तर ही शांतता अडीच सेकंदांची होते. ढोलकीवाल्याला ती भरावीशी वाटणार, भरू देऊ नका.

शब्दांचं आणखी एकच, पण ते आत्ताच करा, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी बदल सुचला तरी तोंडात बसत नाही. तार सप्तकातल्या लांब स्वरावर कोणता स्वरवर्ण येतोय ते तपासा. ‘माळावरून दिसली माझ्या भावाची गाडी’ यात ‘डी’ तार सा वर धरायची तर घसा आवळतो, आवाज पातळ आणि टोचरा होतो. ‘माळावरून दिसला माझ्या भावाचा फेटा’ केलं की ‘टा’ मोकळा सुटतो, शिवाय लांबून आधी फेटाच दिसतो. ई आणि ऊ वर लांबण टाळा, आ आणि ओ वर घ्या. ‘आलं, गेलं, झालं’ असे शेवट लांबवताच येत नाहीत, म्हणून तर जुन्या गाण्यांत त्यांच्यामागे ‘गंऽ’ किंवा ‘बाई’ जोडलेलं असतं.

आता पट्टी. नात्यांचा अल्बम सर्वांत जास्त बिघडतो तो इथे. तुमचा गाणारा काळी एकमध्ये (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) सुखात गातो आणि गाणारी काळी चारमध्ये, असं धरू. बहुतेक बँडांत साधारण हेच असतं. दोघांमध्ये सात अर्धस्वरांचं अंतर आहे. सवाल-जवाबाचं गाणं काळी एकमध्ये ठेवलं तर ती मंद्रात कुजबुजते आणि भांडणात नवराच जिंकतो. काळी चारमध्ये नेलं तर तो किंचाळतो. मधली पट्टी दोन ठिकाणी मिळते. पांढरी तीन घेतली तर त्याला तीन अर्धस्वर चढावं लागतं, तिला चार उतरावं लागतं. पांढरी चार घेतली तर उलट, तो चार चढतो आणि ती तीन उतरते. कोणती घ्यायची हे गाण्यात विनवणी कोणाची आहे त्यावर ठरवा. चढलेल्या पट्टीत गाणाऱ्याच्या आवाजात ताण येतो, तो ताण अजिजीसारखा ऐकू येतो. रुसलेल्या बायकोला नवरा मनवतोय तर पांढरी चार. ती अडवतेय आणि तो कामाला निघालाय तर पांढरी तीन, कारण तिथे तो निवांत असतो आणि ती खालच्या स्वरांतून सुरुवात करून वर चढते.

पट्टी मधली घेतली तरी चाल तीच ठेवून भागत नाही. त्याच्या ओळी सा ते प या खालच्या भागात फिरत्या ठेवा आणि तिच्या म ते तार ग अशा. ध्रुवपद दोघांनी एकत्र म्हणायचं असेल तर प ते तार सा हा चार स्वरांचा पट्टा दोघांनाही जमतो, त्यातच बांधा. बाप-लेकीच्या गाण्यात मात्र उलट करून बघा. बापाला त्याच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा एक अर्धस्वर खाली घेतला की आवाज थकलेला, जड येतो. अभिनय करायला सांगण्यापेक्षा हे बरं.

पट्टी ठरवताना गायक पहिला, पण वाद्यांत एक नियम पक्का: ज्याला हलवता येत नाही त्याच्याशी बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. हार्मोनियम कान पिळून सुरात येत नाही. जुन्या पेट्या ए-४४० या प्रमाण सुरापासून दहा-वीस सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) इकडे-तिकडे असतातच. ट्यूनर घेऊन पेटीचा सा मोजा, तेवढाच फरक गिटारच्या ट्यूनरमध्ये टाका. आधी ४४० वर गिटार भरली आणि नंतर पेटी घातली तर तो खडखडाट कोणत्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाही. सुरगाणा-पेठकडच्या वादकाची पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) घेणार असाल तर तिचे स्वर भोपळा आणि बांबू ठरवतात, त्या गाण्याची पट्टी पावरीवरूनच काढा आणि पेटी त्या गाण्यात चक्क बंद ठेवा. तसंही एकतारीच्या नादात कानाला लागणारा शुद्ध गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट खाली असतो. गाणारी एकतारीवर गायली आणि पेटी नंतर भरली की गाणारीच बेसूर वाटते, दोष पेटीच्या जुळणीचा असतो. ओवीच्या गाण्यात पेटीने गंधार सोडून फक्त सा-प धरावा.

गिटारवाल्यालाही तेच सांगणं. ओवीच्या चालीत चार-पाचच स्वर असतात, त्यावर मेजर-मायनर कॉर्ड लादले की गाणं जाहिरातीसारखं ऐकू येतं. गिटारच्या सहा तारांची डीएडीजीएडी (D-A-D-G-A-D) जुळणी करून कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर लावला की पांढरी तीन मिळते, तिसऱ्यावर लावला की पांढरी चार. तारा सा-प चा नाद देत राहतात आणि गंधाराचा निर्णय गळ्यावर राहतो.

क्लिकचं उत्तर गाण्यागणिक वेगळं आहे. ओव्यांना क्लिक नकोच. तिथे लय श्वासाची असते, एकतारी किंवा तुणतुण्याच्या आधारावर गाणारीला एका दमात पूर्ण गाऊ द्या. केरवा किंवा धुमाळीच्या गाण्यांत लय शेवटाकडे थोडी चढते, ९६ ला सुरू झालेलं गाणं १०४ ला संपतं, आणि ती चढ गाण्याचा भाग आहे. एकाच वेगाच्या क्लिकवर वाजवलं की शेवटचं कडवं थंड पडतं. चांगला मार्ग असा: ढोलकी आणि कच्चा गळा क्लिकशिवाय एकत्र मुद्रित करा, चार-पाच वेळा. सगळ्यात चांगलं निवडा, त्याच्या समेच्या जागा सॉफ्टवेअरमध्ये खुणा करून घ्या म्हणजे लयीचा नकाशा तयार होतो. बाकीची वाद्यं त्या ढोलकीवर चढवा. क्लिक लागलीच तर कानात टिकटिक देऊ नका, ढोलकीचीच एका आवर्तनाची तुकडी फिरवत ठेवा. आणि हेडफोन बंद कपांचे घ्या. हळू गाण्यांत हेडफोनमधली टिकटिक गळ्याच्या माइकमध्ये उतरते आणि नेमकी ‘अरे’नंतरच्या शांततेत ऐकू येते.

आता जागा. सहा जणांना एकदम मुद्रित करणारा मोठा हॉल तुम्हाला लागत नाही. एका वेळी जास्तीत जास्त चार माइक वापरायचेत, त्यामुळे चार इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि दोन वेगळ्या खोल्या असलेला छोटा स्टुडिओ पुरतो. निवडताना आत जाऊन एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे धातूसारखी तरतर ऐकू आली तर गळा तिथे घेऊ नका. मग ढोलकीच्या डाव्या बाजूवर एक-एक थाप मारत खोलीभर फिरा. १० बाय १२ फुटांच्या खोलीत भिंतींच्या अंतरामुळे ९४ आणि ११२ हर्ट्झच्या आसपास आवाज फुगतो, आणि ढोलकीचा घुमारा बरोबर त्याच टापूत असतो. कुठे थाप सपाट आणि नेमकी ऐकू येते ते शोधून वादकाला तिथेच बसवा. ती जागा खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा कोपऱ्यात बहुतेक नसते. फ्लॅटमध्ये करणार असाल तर गोधड्या भिंतीला चिकटवून टांगू नका, दोन-तीन इंच पुढे सोडा, तेवढ्याने जास्त शोषतात. घुमाऱ्याला मात्र गोधडी काही करत नाही, तिथे कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करा.

नाशिकमध्ये वेळेचं गणित सांभाळा. गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोल पथकांचे सराव सुरू होतात, नाशिक ढोल दोन गल्ल्या ओलांडून घरात येतो. पंचवटी आणि घाटाच्या बाजूला आरत्यांच्या वेळा आधी विचारून घ्या. सातपूर-अंबडकडची स्वस्त जागा घेतली तर कॉम्प्रेसरची घरघर रात्रीही असते. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, ढोलकी दर अर्ध्या तासाला उतरते. त्यात स्टुडिओत एसी असेल तर उलट होतं, कोरड्या हवेत तासाभरात चढते. सगळ्यात सोयीचा काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. वाद्यं तासभर आधी आणून खोळ काढून ठेवा, ताणायला घाई करू नका. हलगी-दिमडी शेकायची असेल तर स्टुडिओत जाळ नको, बल्बचा दिवा किंवा हेअर ड्रायर हातभर लांबून पुरतो. दिमडी नवी घ्यायची असेल तर बकरीच्या कातड्याची किंवा फायबरची घ्या. पूर्वी घोरपडीचं कातडं चढवायचे, पण घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे आणि असं वाद्य बाळगणं अंगाशी येऊ शकतं.

माइकचे आकडे देतो, त्यात हाताला लागेल तसं थोडं इकडे-तिकडे करा. सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. सर्वांत जोराचा ठोका उणे १० ते उणे १२ डेसिबलवर थांबेल असा गेन ठेवा. वादकाला गेन लावायला हळू वाजवायला सांगितलं तर तो हळूच वाजवतो आणि प्रत्यक्षात दुप्पट मारतो, म्हणून गाण्याच्या शेवटची तिहाई वाजवून घेऊन गेन ठरवा.

ढोलकीला दोन माइक. शाईच्या बाजूला एसएम ५७ सारखा डायनॅमिक, एक वीत अंतरावर, कडेकडून तिरका. डाव्या बाजूला खालचे स्वर धरणारा दुसरा, तितक्याच अंतरावर. एका थापेने एक पुडी (तोंडावरचं कातडं) आत जाते तेव्हा दुसरी बाहेर येते, त्यामुळे दोन्ही माइक एकत्र ऐकले की घुमारा गायब होतो आणि लोक ईक्यूने (खर्ज-तार कमी-जास्त करून) तो वाढवत बसतात. एका माइकची पोलॅरिटी उलटी करून बघा, ज्या स्थितीत आवाज भरतो ती ठेवा. बटण एकच आहे, पण अर्धे घरगुती अल्बम इथेच पडतात.

संबळ जवळून टिपू नका. वाकड्या टोकाच्या काठीचा तो फटका जवळच्या कंडेन्सर माइकमध्ये पत्र्यासारखा येतो. दोन्ही भांड्यांच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, चार-पाच फुटांवरून एक माइक पुरे. खोली चांगली असेल तर आणखी लांब. संबळ आणि गळा एका खोलीत एकाच वेळी कधीच घेऊ नका. गोंधळाच्या अंगाचं जे गाणं आहे त्यातही संबळ वेगळ्या खोलीत, काचेतून एकमेकांना दिसेल असं. लांब ठेवलेला माइक जवळच्या माइकच्या मागे पडतो, मीटरला साधारण तीन मिलिसेकंद. दोन्ही वापरत असाल तर लांबचा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे डावीकडे सरकवून ऐका. कधी सरकवलेला बरा वाटतो, कधी नाही, कानावर सोडा.

तुणतुण्याला माइक कातड्याच्या बाजूने वीतभर खाली. खुंटी प्रत्येक टेकनंतर तपासा, ती सैल पडते आणि सा उतरला की अख्ख्या गाण्याला कारण कळत नाही. पेटी दुमडलेल्या गोधडीवर ठेवा, माइक भात्याच्या विरुद्ध बाजूने दीड-दोन फुटांवर. पट्ट्यांचा खटखटाट जास्त असेल तर आणखी वर न्या. टाळ सगळ्यात शेवटी, सगळ्यात लांबून, आणि तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्या आवाजात.

गळ्याच्या माइकचं अंतर हे पुन्हा पहिल्या कागदावरून काढा. उशाशी बोलल्यासारखं गाणं असेल तर चार-पाच इंच, पॉप फिल्टर लावून. अंगणातून घरात हाक असेल तर फूट-सव्वा फूट. माळावरची हाक असेल तर दोन-अडीच फूट, आणि गायिकेला खरंच हाक मारायला लावा. एकाच गाण्यात सासूला ऐकू जावं म्हणून म्हटलेली ओळ आणि मनातली ओळ असेल तर दोन वेगळ्या ट्रॅकवर दोन अंतरांतून घ्या. नंतर आवाज कमी-जास्त करून हे साधत नाही, जवळच्या माइकमध्ये गळ्याचा खर्ज वाढतो आणि लांबच्यात खोली येते. ‘भ, फ, ध’ जवळून फुटतात, त्यासाठी माइक तोंडासमोर न ठेवता ओठांच्या किंचित वर ठेवून खाली झुकवा. ‘जातं, चांगला, झोका’ यातले दंत्य च-ज-झ हे स च्याच आसपास सळसळतात. डीएसर (सळसळ दाबणारं साधन) जोरात लावला की ते गिळले जातात आणि गाणं परक्या माणसाने म्हटल्यासारखं होतं. डीएसर ओठांवर ठेवलेल्या बोटासारखा हलकाच असू द्या, राहिलेले दोन-चार शब्द हाताने खाली करा.

झील सगळ्यांची एकत्रच घ्या. चार जण एका माइकभोवती, अडीच-तीन फुटांवर, ज्याचा आवाज बसका तो एक पाऊल पुढे. प्रत्येकाला वेगळा ट्रॅक देऊन सूर दुरुस्त केले की मागच्या बायका एकाच बाईसारख्या ऐकू येतात. ओवीच्या गाण्यात जात्याचा आवाज घालायचा मोह सगळ्यांना होतो. घाला, पण वेगळा टिपा, फक्त सुरुवातीला आणि दोन कडव्यांच्या मध्ये. त्याची घरघर गळ्याच्या खालच्या भागावर बसते. रिकामं जातं फिरवलं तर दगडाची किरकिर येते, मूठ-दोन मूठ नागली टाका.

मुद्रणाचा क्रम अल्बमच्या क्रमाने लावू नका, पट्टीच्या क्रमाने लावा. पांढरी तीनची सगळी गाणी एका दिवशी, मग पांढरी चारची. ढोलकीची पुडी एक-दोन अर्धस्वर हलवली तरी तिला बसायला वीस-तीस मिनिटं लागतात, ते वाचतं. शक्य असेल तर दोन ढोलक्या आणा. गळा मात्र उलट्या हिशेबाने: हळू, जवळची गाणी सकाळी, हाकाऱ्याची दुपारनंतर. हाकारून झाल्यावर मऊ गाणं गाता येत नाही.

मिक्समध्ये दोन गळे डाव्या-उजव्या टोकांना नेऊ नका. दोघं बोलतायत हे दाखवायला घड्याळाच्या अकरा आणि एकच्या जागा पुरतात. बहुसंख्य लोक हे फोनच्या एका स्पीकरवर ऐकणार, त्यामुळे मोनो करून तपासा. मोनोमध्ये शब्द बुडाले तर आधी पेटी आणि गिटार खाली आणा, गळा वर नेऊ नका. स्पॉटिफाय आणि यूट्यूब उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा सरासरी जोर मोजायचं एकक) आसपास आणून ऐकवतात, ॲपल उणे १६ ला. त्याहून जोरात मास्टर करून काही मिळत नाही, तुमच्या अडीच सेकंदांच्या शांततेचं मोल तेवढं जातं. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

हक्कांचं आता नीट बघा. तोंडी परंपरेतल्या, रचणारी माहीत नसलेल्या ओव्या कोणाच्या मालकीच्या नाहीत, त्या वापरायला परवानगी लागत नाही. पण कोणाच्या तरी ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा वापरायचा तर त्या मुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं असतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या आज पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संग्रहात आहेत. त्यात गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तिथून शब्द घेतले तर त्या बाईचं आणि गावाचं नाव अल्बमवर द्या, आणि मूळ आवाज वापरायचा असेल तर आधी लेखी विचारा. एखाद्या आजीकडून तुम्ही स्वतः ओवी टिपलीत आणि तिचा आवाज अल्बममध्ये येणार असेल, तर गाणाऱ्याला कायद्याने ५० वर्षांचे कलाकाराचे हक्क असतात. तिला कळेल अशा भाषेत, पैसे किती आणि कुठे वाजणार हे सांगून सही किंवा अंगठा घ्या. नाव कसं छापायचं तेही तिलाच विचारा, माहेरचं की सासरचं.

‘पारंपरिक’ हा शब्द मात्र जपून. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी खेड्यापाड्यांत इतकी मुरली आहेत की लोक ती सर्रास पारंपरिक समजतात. वामनदादा आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, २००४ साली गेले. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०६४ अखेरपर्यंत. ‘कोणी लिहिलं माहीत नाही’ आणि ‘आम्ही शोधलं नाही’ यात फरक आहे. जुन्या मंडळींना विचारा, सार्वजनिक वाचनालयात छापील संग्रह चाळा, मगच पारंपरिक लिहा.

बँडमधल्या बँडमध्येही कागद करा. शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रणाचा मालक कोण, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. टक्केवारी गाण्यागणिक लिहा, सहाही सह्या घ्या. ढोलकीवाल्याने बांधलेला ठेका चालीत धरायचा का, हा वाद अल्बम चालल्यावरच निघतो, म्हणून आत्ता मिटवा. शब्द आणि चाल ज्यांची आहे त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्यावं. लेबल विचारायला आलं तर कराराची मुदत आणि प्रदेश पाहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लेबलचा कागद सहसा ‘कायमचं’ आणि ‘अखिल विश्वात’ म्हणतो. तुम्हाला खोडायला सांगायचा हक्क आहे.

बाकी बाहेर काढणं सोपं. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी (त्या मुद्रणाची ओळख पटवणारा) क्रमांक, मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, वितरकाकडे तीन-चार आठवडे आधी. स्पॉटिफायला संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. नावं सगळीकडे एकाच लेखनात द्या, एका गाण्यात ‘ओवी’ आणि दुसऱ्यात ‘ओव्ही’ झालं की शोधात दोन बँड दिसतात.

अल्बमचा क्रम लावताना लयीचा चढ-उतार बघतातच, पण हाकेचाही बघा. बायकोने नवऱ्याला म्हटलेली दोन गाणी लागोपाठ ठेवली की दुसरी तीच बाई वाटते. मध्ये बाप किंवा नणंद घाला. दिंडोरीच्या जोडप्याचं गाणं पहिलं नको. त्यात दोघांव्यतिरिक्त बागायतदार तिसरा ऐकणारा आहे, आणि ते कळायला श्रोत्याचा कान आधीच्या दोन-तीन गाण्यांनी तयार झालेला लागतो. चौथं ठेवा. नऊपैकी एक गाणं गळणार हे धरून चाला, बहुधा ज्याचा पहिला कागद भरता आला नाही तेच.